दोन साली : वनस्पतींची तेले आणि स्तनाचा कर्करोग

पाचोडच्या बाजार समितीत मोसंबीचा हंगाम भरात आला, की आवारभर एक आंबटगोड, किंचित कडसर वास दरवळू लागतो. पैठण, अंबड, गेवराई या तालुक्यांतील बागांमधून आलेल्या फळांचे ढीग लागतात आणि आडते व खरेदीदार त्यांच्याभोवती फिरू लागतात. जाणता खरेदीदार प्रत्येक फळ कापून पाहत नाही. तो साल पाहतो. सालीचा रंग, तिची चमक, तिच्यावरील डाग, बोटाला लागणारा तिचा खरखरीतपणा यांवरून आतला माल कसा असेल, हे त्याला कळते.

आवारातला तो वास सालीतील तेलाचा असतो. मोसंबीच्या सालीत तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. साल दुमडून दिव्याच्या ज्योतीजवळ दाबली, की त्या फुटतात आणि उडालेले तुषार क्षणभर पेटतात. हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी केला असेल. संत्र्या-मोसंबीच्या सालीतील या तेलाचा सर्वांत मोठा घटक म्हणजे ‘लिमोनीन’. स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनात हे नाव गेली काही दशके पुनःपुन्हा येत आहे.

हा विषय या अंकात घेण्याचे कारण घरगुती आहे. मोसंबीच्या सालीचे तेल, जवसाचे तेल, कलौंजीचे तेल किंवा एरंडेल लावल्याने वा प्यायल्याने स्तनातील गाठ विरघळते, असे संदेश आपल्या कुटुंबांच्या भ्रमणध्वनीवर येत असतात. ते पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु माल आणणारा सज्जन आहे म्हणून आपण तो काट्यावर न घालता घेत नाही. तोच न्याय येथे लावावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका सालीने औषध दिले

आरंभीच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. वनस्पतींपासून कर्करोगावरील औषध मिळते, ही कल्पना भाबडी नाही. स्तनाच्या कर्करोगावर आज जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रमुख औषधांपैकी एक, पॅक्लिटॅक्सेल, हे एका झाडाच्या सालीतूनच मिळाले. त्याच्या शोधात आपल्या मातीचा एक माणूसही होता. मनसुख वाणी यांचा जन्म 1925 साली खानदेशातील नंदुरबार येथे झाला. मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर ते अमेरिकेत गेले आणि तेथे मन्रो वॉल यांच्यासमवेत वनस्पतींतील औषधी द्रव्यांचा शोध घेऊ लागले.

1962 साली अमेरिकेच्या वायव्य भागातील जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल तपासणीसाठी गोळा करण्यात आली. तिच्यातील नेमके द्रव्य वेगळे काढून त्याची रचना वाणी, वॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 साली प्रसिद्ध केली. त्यानंतर प्राण्यांवरील चाचण्या, मात्रेचा शोध आणि रुग्णांवरील चाचण्या झाल्या. 1992 साली अंडाशयाच्या आणि 1994 साली स्तनाच्या कर्करोगासाठी त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. म्हणजे सालीपासून शिरेतून देण्याच्या औषधापर्यंतचा प्रवास तीन दशकांहून अधिक काळ चालला. साल काढली की झाड मरते. म्हणून पुढे यूच्याच दुसऱ्या एका जातीच्या पानांतून मिळणाऱ्या घटकापासून हे औषध तयार करण्याची रीत शोधली गेली. आपल्या वाचकांना ही गोष्ट विशेष समाधान देईल.

यू झाडाची साल उकळून तिचा काढा कोणी रुग्णाला देत नाही. ते झाड विषारी आहे. सालीतील एक द्रव्य शुद्ध करून, ठरावीक मात्रेत, ठरावीक अंतराने दिले जाते, तेव्हाच ते औषध होते. मोसंबीच्या सालीकडे वळताना हे ध्यानात ठेवावे.

मोसंबीच्या सालीची परीक्षा

लिमोनीनविषयीची आशा प्रथम प्रयोगशाळेत निर्माण झाली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील मायकेल गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनग्रंथींचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या आहारात लिमोनीन मिसळले. अनेक उंदरांच्या गाठी आकसल्याचे त्यांनी 1992 साली नोंदवले. मात्र त्या प्रयोगातील लिमोनीनचे प्रमाण मोठे होते, आणि उंदरात जे दिसते ते माणसात दिसेलच, असे नसते.

म्हणून पुढची परीक्षा रुग्णांवर झाली. ब्रिटनमधील एका अभ्यासात बळावलेल्या कर्करोगाच्या 32 रुग्णांना लिमोनीन दिले गेले. त्याचे निष्कर्ष 1998 साली प्रसिद्ध झाले. स्तनाचा कर्करोग असलेल्या एका रुग्णाची गाठ अंशतः आकसली आणि तो परिणाम 11 महिने टिकला. ही बातमी एवढ्यावरच थांबली असती, तर आज ती प्रत्येक भ्रमणध्वनीवर पोहोचली असती. परंतु त्याच संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या आणखी 10 रुग्णांना त्याच मात्रेत लिमोनीन दिले. त्यांपैकी एकाचीही गाठ आकसली नाही.

लिमोनीनचाच जवळचा नातेवाईक असलेल्या पेरिलिल अल्कोहोल या द्रव्याचीही स्तनाच्या बळावलेल्या कर्करोगात चाचणी झाली. रोग थोपवण्यात त्याला यश आले नाही, आणि पोटाच्या त्रासामुळे ते घेत राहणेही अनेकांना कठीण गेले.

2013 साली ॲरिझोना विद्यापीठातील संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला. खाल्लेले लिमोनीन स्तनापर्यंत पोहोचते का? नुकतेच निदान झालेल्या, शस्त्रक्रियेची वाट पाहत असलेल्या 43 स्त्रियांना त्यांनी 2 ते 6 आठवडे रोज 2 ग्रॅम लिमोनीन दिले. शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाच्या तपासणीत लिमोनीन स्तनाच्या ऊतीत चांगलेच साठलेले आढळले. पेशींच्या वाढीशी संबंध असलेले एक प्रथिन गाठीत 22 टक्क्यांनी कमी झाले होते. मात्र पेशींची वाढ प्रत्यक्षात किती मंदावली, हे दाखवणाऱ्या दुसऱ्या मोजमापात फारसा फरक पडलेला नव्हता.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर नमुना आशादायक आहे, पण सौदा झालेला नाही. या चाचणीतील कोणत्याही स्त्रीची शस्त्रक्रिया लिमोनीनसाठी रद्द झाली नव्हती. शिवाय तेथे शुद्ध केलेले द्रव्य मोजून दिले गेले होते. मोसंबीचा रस पिऊन तेवढी मात्रा पोटात जात नाही. आणि साल चघळणे किंवा वाटून खाणे म्हणजे बागेत मारलेल्या फवारण्यांचा अंशही पोटात घालणे होय.

मोंढ्यातील इतर माल

मराठवाड्यातील मोंढ्यात मोसंबीखेरीज आणखी दोन जिन्नस असे आहेत, की त्यांची या रोगासंबंधी रीतसर तपासणी झाली आहे.

पहिला जिन्नस सरकी. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. तेल खाण्यायोग्य करताना ते काढून टाकावे लागते, हे तेलगिरणी चालवणाऱ्यांना ठाऊक आहे. हे गॉसिपॉल गोळीच्या रूपात, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाच्या 20 स्त्रियांना दिले गेले. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रोगावर नाममात्र परिणाम दिसला.

दुसरा जिन्नस जवस. याची हकीकत अधिक उत्साहवर्धक आहे. कॅनडातील टोरांटो येथे नव्याने निदान झालेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या 32 स्त्रियांवर एक अभ्यास झाला. त्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेपर्यंत रोज 25 ग्रॅम जवस घातलेला एक छोटा केक दिला गेला आणि उरलेल्यांना जवस नसलेला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार जवस खाणाऱ्या स्त्रियांच्या गाठीतील पेशीवाढीचे मोजमाप सुमारे 34 टक्क्यांनी घटले. येथे दिलेले जवस भरडलेले होते, त्याचे तेल नव्हे. ज्या द्रव्यांकडे संशोधकांचे लक्ष होते, ती लिग्नाने बियांच्या टरफलात व चोथ्यात असतात. गाळलेल्या तेलात ती जवळजवळ उतरत नाहीत. आपल्या घरातील जवसाची चटणी म्हणूनच बाटलीतील महाग तेलापेक्षा सरस ठरते. परंतु हाही थोडक्या स्त्रियांवरील, काही आठवड्यांचा अभ्यास होता. चटणी हे अन्न आहे, ते आनंदाने खावे; तिला औषध म्हणू नये. संप्रेरकांवर आधारित उपचार चालू असतील, तर नेमाने जवस खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

कलौंजी, कडुनिंब, चंदन, निलगिरी यांच्या तेलांविषयी जे दावे वाचनात येतात, ते बहुतांशी काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवरील प्रयोगांवर उभे असतात. बशीतील पेशी मारणे सोपे असते. शरीरातील निरोगी पेशींना न दुखावता, योग्य ठिकाणी, योग्य मात्रेत पोहोचून केवळ रोगट पेशी मारणे, हीच खरी परीक्षा होय.

तेलाचा खरा उपयोग कोठे?

मग तेलाला या उपचारांत स्थानच नाही काय? आहे, पण संदेश सांगतात तेथे नाही.

सर्वांत अनपेक्षित स्थान एरंडेलाला मिळाले आहे. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. म्हणून त्याच्या मूळ रूपात ते प्रक्रिया केलेल्या एरंडेलाच्या व मद्यार्काच्या मिश्रणात विरघळवलेले असते. फुलव्हेस्ट्रंट हे स्नायूत टोचले जाणारे संप्रेरकविरोधी औषधही एरंडेलातूनच दिले जाते. म्हणजे अनेक रुग्णांच्या शरीरात एरंडेल जाते, पण ते औषधाचे वाहन म्हणून. याच एरंडेल-मिश्रणाची काहींना तीव्र ॲलर्जी होते, म्हणून पॅक्लिटॅक्सेल देण्यापूर्वी तिला आवर घालणारी औषधे द्यावी लागतात. ‘वनस्पतीजन्य म्हणजे निरुपद्रवी’ हा समज किती अपुरा आहे, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. गाठीवर एरंडेल चोळून किंवा एरंडाच्या पानांचा शेक देऊन मात्र गाठ विरघळत नाही. त्वचा भाजली, तर पुढील तपासणी तेवढी अवघड होते.

दुसरे स्थान त्वचेच्या रक्षणाचे. किरणोपचारांत छातीची त्वचा लाल होते, सोलते, आग होते. फ्रान्समधील 254 स्त्रियांवरील, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅलेंड्युलाच्या फुलांचे मलम लावणाऱ्यांपैकी 41 टक्के स्त्रियांना मध्यम वा तीव्र त्वचादाह झाला. दुसरे प्रचलित मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण 63 टक्के होते. कॅलेंड्युला म्हणजे आपल्या तोरणातला झेंडू नव्हे, हे ध्यानात असू द्यावे. त्वचेला काय लावावे आणि किरण घेण्यापूर्वी किती वेळ काहीही लावू नये, हे किरणोपचार विभागातच विचारून ठरवावे.

तिसरे स्थान मळमळीचे. केमोथेरपीतील मळमळीवर सुंठ उपयोगी पडू शकते. अमेरिकेतील 576 रुग्णांच्या, 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उलटीविरोधी गोळ्यांच्या जोडीला रोज अर्धा ते एक ग्रॅम आल्याचा अर्क घेणाऱ्यांना पहिल्या दिवशीची मळमळ कमी जाणवली. त्यांतील बहुसंख्य रुग्ण स्तनाच्या कर्करोगाचेच होते. ओले आले वर्ज्य मानणाऱ्या आपल्या घरांत सुंठ चालते, ही सोय येथे कामी येते. मात्र रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर आधी डॉक्टरांना सांगावे. सुगंधी तेलाचा वास किंवा त्याने केलेली हातापायांची हलकी मालिश काहींना निवांतपणा देते. त्याचा पुरावा कच्चा असला, तरी नाकाने घेतलेल्या सुगंधाने रुग्णाला बरे वाटत असेल, तर ते नाकारण्याचे कारण नाही. गाठीवर, शस्त्रक्रियेच्या जागी वा सुजलेल्या हातावर मात्र मालिश करू नये.

आता निषिद्ध काय ते सांगतो. सुगंधी तेले पिऊ नयेत. निलगिरीचे, कापराचे व कडुनिंबाचे तेल पोटात गेल्याने विषबाधा होते, आणि लहान मुलांना तर ते थोड्या मात्रेतही घातक ठरते. पपनसाच्या जवळचे ग्रेपफ्रूट हे फळ स्तनाच्या कर्करोगावरील काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण वाढवते. अशा गोळ्या चालू असताना ते टाळण्यास सांगितले जाते. घरी काय घेत आहात, हे डॉक्टरांपासून लपवू नये. काही रागावतील, पण न सांगितल्याची किंमत त्या रागाहून मोठी असते.

वेळेची किंमत

खरे संकट तेलात नाही. ते तेलामुळे गमावलेल्या महिन्यांत आहे.

आपल्या घरांतील चित्र सांगण्यासाठी कोणाचे नाव घेण्याची गरज नाही. गाठ प्रथम तिला स्वतःलाच कळते. ती दुखत नाही, म्हणून ती बोलत नाही. मग मुलीचे लग्न असते, मग हंगाम असतो, मग चातुर्मास लागतो, महाराजसाहेबांचे आगमन असते, पर्युषण असते. ‘दिवाळीनंतर पाहू’ असे ठरते आणि तोपर्यंत कोणीतरी सुचवलेले तेल लावले जाते. तेल लावल्याने ‘काहीतरी चालू आहे’ असे समाधान मिळते, आणि हे समाधानच सर्वांत महाग पडते.

हे महाग किती, याचे मोजमापही झाले आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठातील संशोधकांनी बऱ्या होण्याजोग्या टप्प्यातील, परंतु प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेतलेल्या रुग्णांची तुलना प्रचलित उपचार घेतलेल्यांशी केली. 2018 च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाच्या बाबतीत पर्यायी उपचारांवरच विसंबलेल्यांचा मृत्यूचा धोका 5.68 पट आढळला.

भारतात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. जागतिक अंदाजानुसार 2022 या एका वर्षात देशात सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 98 हजार स्त्रिया दगावल्या. उशिरा होणारे निदान हे यामागचे एक मोठे कारण आहे.

निदान लवकर होण्यासाठी महागडी यंत्रेच लागतात, असे नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांतील 1 लाख 51 हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, 50 वर्षांपुढील स्त्रियांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. एका शिकलेल्या हाताने जे साधले, ते आजवर कोणत्याही तेलाने साधलेले नाही.

शिकलेला हात काय करू शकतो, हे पाचोडला निराळे सांगायला नको. गावोगावच्या स्त्रियांच्या आणि किशोरवयीन मुलींच्या आरोग्यासाठी दीर्घकाळ काम करणारी इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था याच गावची आहे. पाचोडहून सुमारे 50 किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय 2012 पासून चालू आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या आणि पैठणच्या मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला आपण वर्षातून कितीदा जातो! तेवढेच अंतर तपासणीसाठी मात्र लांब वाटते.

व्रत आणि उपचार

एक नाजूक प्रश्न आपल्याच घरांतला आहे. केमोथेरपी चालू असताना उपवास, आयंबिल किंवा चौविहार करावा का? उपचारांच्या दिवसांत शरीराला पाणी, प्रथिने आणि पुरेशी ऊर्जा लागते. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल वर्ज्य असते. चौविहारात सूर्यास्तानंतर पाणीही नाही. तपाची ओढ असलेल्या भगिनीला घरच्यांनी ‘करू नकोस’ म्हणणे जड जाते. म्हणून हा प्रश्न डॉक्टरांपुढे आणि महाराजसाहेबांपुढे, दोन्ही ठिकाणी, मोकळेपणाने ठेवावा. प्रत्याख्यानाच्या पाठातच ‘आगार’, म्हणजे सवलती, सांगितलेल्या असतात. समाधी ढळू नये म्हणून औषध घेण्याची सवलत त्यांपैकीच एक आहे. कॅप्सूलचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असल्याची शंका असेल, तर तेही विचारावे. अनेकदा गोळीचा किंवा दुसऱ्या रूपाचा पर्याय मिळतो. शंकेपोटी औषध गुपचूप बंद करणे, हा मार्ग नव्हे.

अनेकांतदृष्टी एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहण्यास शिकवते, पण सर्व दावे सारखेच खरे मानण्यास शिकवत नाही. लिमोनीन स्तनापर्यंत पोहोचते, हे एका बाजूने खरे आहे. त्याने रोग बरा होतो, हे आजवरच्या कोणत्याही बाजूने सिद्ध झालेले नाही. दोन्ही विधाने एकत्र ठेवली, तरच पूर्ण चित्र दिसते.

साल पारखणारे डोळे

शेवटी पुन्हा मोसंबीकडे येऊ. स्तनाच्या कर्करोगाचे एक लक्षण डॉक्टर संत्र्याच्या सालीच्या उपमेने सांगतात. स्तनाची त्वचा जाड होते आणि तिच्यावर बारीक खळगे दिसू लागतात, अगदी संत्र्या-मोसंबीच्या सालीसारखे. याखेरीज न दुखणारी गाठ, काखेतील गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारा रक्तमिश्रित स्राव, एका स्तनाच्या आकारात नव्याने पडलेला फरक, यांपैकी काहीही दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. सर्वच गाठी कर्करोगाच्या नसतात, बहुतेक तर नसतातच. पण ते ठरवण्याचे काम तपासणीचे आणि बायोप्सीचे आहे, आपल्या अंदाजाचे नव्हे.

ज्या घरातील पुरुष ढिगाभोवती एक फेरी मारून सालीवरून माल ओळखतात, त्या घरातील स्त्रीने आपल्या शरीरातील असा बदल संकोचाने लपवून ठेवावा, हे आपल्याला शोभणारे नाही. तिने सांगावे, आणि सांगितल्यावर त्या घराने हंगाम, लग्नसराई, दिवाळी यांतील कशासाठीही थांबू नये. तेलाची बाटली घरात असली, तर असू द्यावी. आधी संभाजीनगरची गाडी धरावी.